बिनटाक्याची पुरुष नसबंदी, तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल : साडेतीन स्टार, दीड कुठे कापला ते सांगतो

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, आधीच सांगतो. तिथल्या सिस्टर आता ओळखीच्या झाल्यात आणि मला दुकान याच तालुक्यात चालवायचंय. सातारा जिल्हा, उपजिल्हा रुग्णालय, एवढं पुरे. माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, वय ३७, मुली दोन, मोठी तिसरीत आणि धाकटी बालवाडीत. रिव्ह्यू लिहायचं कारण असं की मी स्वतः शोधत होतो तेव्हा मराठीत काय सापडलं तर एक सरकारी पत्रकाची भाषा, 'सुलभ, सुरक्षित व वेदनारहित', आणि नाहीतर पुण्या-मुंबईच्या क्लिनिकच्या जाहिराती. मिक्सर घेतला तर लोक त्यात चटणी कशी वाटली जाते इथपर्यंत फोटो टाकतात, पण नसबंदी करून आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पँट कशी घातली हे कुठ्ठे कुणी लिहिलेलं नाही. म्हणून लिहितोय, लांब होणार आहे.

तिसरं नको हे आमचं पक्कं होतं. धाकटी आठव्या महिन्यात झाली, सिझर, वजन पावणेदोन किलो, अठरा दिवस काचेच्या पेटीत. आपल्याकडे सिझरच्या वेळीच बाईचं ऑपरेशन उरकून घ्यायची पद्धत आहे, पोट उघडलेलंच असतं, बहुतेक घरांत तसंच होतं. पण जिचं पोर पेटीत आहे तिच्या उशाशी जाऊन 'आता पुढचं बंद करून टाकायचं का' असं विचारणार कोण. डॉक्टरीणबाईंनी पण विचारलं नाही आणि बरोबरच केलं, पोर हाताला लागल्याशिवाय कायमचं काही करूच नये.

मग चार वर्षं आमच्या हिच्यावर प्रयोग. पहिली कॉपर-टी. ३८० ए म्हणतात ती, सरकारीत फुकट बसवतात, १० वर्षं चालते, आणि खरं सांगतो वस्तू म्हणून अजिबात वाईट नाही, माझ्या मेव्हणीने बसवून सात वर्षं झाली, तिला आत काही आहे हे आठवतसुद्धा नाही. हिला नाही मानवली. चार दिवसांची पाळी आठ दिवसांवर गेली, कळा वेगळ्या. पहिले काही महिने होतं असं, मग बसतं, असं सगळे सांगत होते म्हणून आठ महिने रेटलं, शेवटी हिमोग्लोबिन ९ वर आलं तेव्हा काढली. मग छायाच्या गोळ्या. या हार्मोनच्या नाहीत, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या आहेत, मेडिकलमध्ये सहेली नावाने मिळतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एक. कागदावर एकदम मस्त. पण रोजची गोळी लक्षात राहते, आठवड्याची विसरते, हा आमचा अनुभव, आणि या गोळीने पाळी पुढे ढकलली जाऊ शकते, म्हणजे दर महिन्याला गोळीमुळे लांबली की दुसऱ्या कशामुळे हा हिशोब करत दोघं गप्प बसायचो. मग अंतराचं इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक. त्याने हिला रोजचे डाग. दोन डोस झाले आणि ही म्हणाली बस. हार्मोनवाली महागडी कॉपर-टी पण असते, तिने उलट रक्तस्राव कमी होतो म्हणे, डॉक्टरीणबाईंनी सुचवली होती, पण हिला आता आत काही बसवून घ्यायचंच नव्हतं आणि त्यात मी काय बोलणार.

राहिला निरोध. १९६८ पासूनचा आपला सरकारी ब्रँड. मेडिकलवाला अजून वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ मध्ये, त्यापायी पुढे कॉलेजातली प्रोफेसरकी सोडावी लागली, आणि शंभर वर्षांनी आपण कुठे आलोय तर वर्तमानपत्राच्या पुडीपर्यंत. असो. निरोध नीट वापरला तर चांगलाच आहे, पण 'नीट' आणि 'दर वेळी' हे दोन शब्द लग्नाच्या दहाव्या वर्षी जरा अवघड जातात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हिची पाळी बारा दिवस चुकली. पहाटे पाचला, पोरी उठायच्या आत, मोरीत त्या पट्टीवर थेंब टाकून आम्ही दोघं मोबाइलच्या उजेडात बघत उभे. एकच रेघ आली. मी सुटलो म्हणून हसलो तर ही तिथेच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "चार वर्षं माझं माझं झालं सगळं. आता तुमची पाळी." तो शब्द तिने मुद्दाम वापरला होता की नाही हे मला दुकानाचं शटर उघडताना सुचलं.

तर कायमचं करायचं म्हटलं की रस्ते दोनच, तिचं किंवा माझं. आणि इथे एक गंमत बघा, आपल्या मराठीत 'ऑपरेशन झालंय का' असं नुसतं विचारलं की ते बाईचंच, पुरुषाचं असेल तर आधी 'पुरुष' लावावं लागतं. आकडे पण तसेच. २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी काढून बघा, देशात १५ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांत ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आणि नवऱ्याची झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचा आकडा त्याहून मोठा, निम्म्याच्या आसपास, आणि पुरुष तिथेच, अर्ध्या टक्क्याच्या आत. पूर्वी असं नव्हतं हं. सत्तरच्या दशकाच्या सुरवातीपर्यंत आपल्या देशात पुरुषांच्याच जास्त व्हायच्या. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांच्या वर नसबंद्या, त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या, मास्तर लोकांना केसेसचा कोटा, केस आणली नाही तर पगार अडवायचे, आमच्या गल्लीतले रिटायर गुरुजी अजून ते सांगताना आवाज खाली घेतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ ला सक्तीचा कायदाच मंजूर केला होता, वरून सही झाली नाही म्हणून वाचलो. त्यानंतर कुठल्या सरकारची पुरुषाला हात लावायची छाती झाली नाही, आणि सगळं ओझं जे बायकांकडे सरकलं ते सरकलंच.

आता दोन्हींची तुलना, मला समजलं तसं. बाईचं म्हणजे पोटात जायचं, मग ते छोट्या छेदाचं असो की दुर्बिणीचं, तिथे गर्भनलिका बांधायची नाहीतर त्यावर रिंग बसवायची, उपाशी ठेवणं, भूल, पोटावर टाके, घरी आल्यावर आठवडाभर तरी वाकायला-उचलायला नको. पुरुषाचं म्हणजे वरच्यावर, फक्त कातडीच्या खाली, तेवढाच भाग बधिर करून. ही बिनटाक्याची पद्धत चीनमध्ये डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ ला काढली, नव्वदीत आपल्याकडे आली. फेल जाण्याचं प्रमाण दोन्हींचं कमीच, पण पुरुषाचं अजून कमी, हजारात एक-दोन. म्हणजे सोपं आमचं, स्वस्त आमचं, धोका कमी आमच्यात, आणि करायचं कुणी, तर बायकांनी. मला हे कळलं तेव्हा जरा लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

प्रायव्हेटच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो आधी. त्या फाइल बघत म्हणाल्या, हिचं दुर्बिणीतून करून टाकू, सकाळी या संध्याकाळी घरी. मी म्हटलं, मॅडम माझं केलं तर? तेव्हा कुठे त्यांनी फाइलमधून मान वर केली आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, म्हणजे आत्ताच आत आलोय असं. मग मात्र छान बोलल्या. त्यांनीच सांगितलं की सरकारीत जा, तिथले सर्जन याचं ट्रेनिंग घेतलेले असतात आणि हात बसलेला असतो, प्रायव्हेटमध्ये पैसे देऊन त्याहून चांगलं काही मिळेल असं नाही.

घरचं प्रकरण थोडक्यात सांगतो कारण ते प्रत्येकाच्या घरी वेगळं असणार. आईचं पहिलं वाक्य, "अरे दोन्ही पोरीच आहेत, अजून एक चान्स घ्यायचा की." हे अपेक्षित होतं. त्यावर मी काही बोललो नाही, धाकटीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि दुकानात गेलो. दुसरं वाक्य आठवड्याने आलं आणि ते मात्र मला लागलं, "करायचंच तर तिचं कर बाबा, तुला वजनं उचलायची असतात, तू घरचा कर्ता." माझ्या दुकानात दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी असते, आत ॲसिड भरल्यावर पन्नास-पंचावन्न किलो भरते, ती दोन-दोन मजले चढवावी लागते, तेव्हा आईची भीती खोटी नव्हती. पण ही घरात दोन हंडे, सिलिंडर, धाकटी आणि आईचं आजारपण हे सगळं उचलते ते कुणाच्या वजनात धरत नाही. तिच्या पोटाला टाके चालतात, माझ्या कातडीला टोचलेलं चालत नाही.

आणि मित्रमंडळी. कमजोरी येते, आवाज बदलतो, पोट सुटतं, 'ते' होत नाही. मी इलेक्ट्रिकवाला माणूस, मी त्यांना माझ्या भाषेत सांगितलं की बॅटरी जागेवर, चार्जिंग जागेवर, लोड जागेवर, फक्त एक बारीक वायर काढली. पुरुषपणाचं हार्मोन वृषणातून थेट रक्तात जातं, त्या नळीचा आणि त्याचा काही संबंध नाही. वीर्य पण पहिल्यासारखंच येतं, कारण त्यातला बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींचा असतो, शुक्रजंतूंचा वाटा शेकड्यात एक-दोन ते फार तर पाच. शरीरात ते बनत राहतात आणि तिथल्या तिथे जिरतात. हे ऐकून एकजण म्हणाला, "म्हणजे जिरवलीच की तुझी." हसू द्या.

आता हॉस्पिटल. नियम आधी सांगतो म्हणजे चक्कर वाचेल. लग्न झालेलं पाहिजे, पुरुषाचं वय ६० च्या आत, निदान एक मूल आणि ते वर्षाच्या वर, आणि जोडीदाराची आधी नसबंदी झालेली नको. बायकोची सही लागत नाही, नियमात नाही, तरी मला टेबलावरच्या माणसाने, सिस्टरनी आणि डॉक्टरांनी, तिघांनी वेगवेगळं विचारलं की मिसेसना विचारलंय का. विचारलंय म्हणजे काय, तिनेच पाठवलंय. कागद आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो. आमच्याकडे आशाताईंनी सगळं जुळवून दिलं, त्यांना प्रवर्तक म्हणून थोडे पैसे मिळतात, तेव्हा त्यांच्याकडून जावं, बिचाऱ्या उन्हातान्हात हिंडतात. नोव्हेंबरच्या शेवटी, २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, पुरुष नसबंदी पंधरवडा असतो तेव्हा सगळे जरा जास्त उत्साहात असतात, पण मी त्यात गेलो नाही. गर्दीची भीती होती. २०१४ ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरकडे एका कॅम्पमध्ये एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि डझनावर बायका गेल्या, ते डोक्यात बसलेलं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये असले कॅम्प तीन वर्षांत बंद करायला सांगितले, आता आमच्याकडे ठरलेला वार असतो, माझ्या वारी पुरुष आम्ही दोघंच होतो. तुम्ही पण विचारून घ्या त्या दिवशी किती केसेस आहेत ते.

पहिला अर्धा स्टार कापला तो इथे. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "पुरुष नसबंदीवाले कोण?" माझ्यामागे माझा एक गिऱ्हाईक उभा होता, त्याची आई घेऊन आलेला. मी हात वर केला. शाळेत 'मे आय कम इन'ला करतो तसा. आणि फॉर्म. फॉर्म बायकांसाठीच छापल्यासारखा, सिस्टर पेनाने खाडाखोड करत विचारत होत्या, शेवटची पाळी कधी, या रकान्यापाशी थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही हसलो. तिथे त्यांनी आडवी रेघ मारली.

हिमोग्लोबिन, लघवी, बीपी. मग समजावून सांगणं, आणि हे मात्र त्या सर्जननी खरंच वेळ देऊन केलं, दरवाजा लावून, स्टुलावर बसून. हे कायमचं आहे, परत जोडायचं ऑपरेशन असतं पण ते अवघड, खर्चिक आणि जमेलच असं नाही, तेव्हा परत जोडता येईल असं मनात धरून करू नका. पुढे काही झालं, मूल गेलं, दुसरं लग्न झालं, तरी नको असेल तरच सही करा. मला ते 'मूल गेलं' ऐकताना काचेची पेटी आठवली, दोन मिनिटं गप्प बसलो, त्यांनी पण घाई केली नाही. अजून एक, याने रोग थांबत नाहीत, एचआयव्ही वगैरेसाठी निरोधच. मग सही.

केस घरूनच साफ करून या असं सांगितलं होतं, मी अर्धवट केले होते, तिथे वॉर्डबॉयने उरलेले केले, तो पाच मिनिटांचा भाग ऑपरेशनपेक्षा वाईट. ऑपरेशन थिएटर एसीने गार, आणि गार असलं की ती जागा आकसते, सर्जन म्हणाले एसी जरा कमी करा, पेशंट रिलॅक्स झाला पाहिजे. मग सुई. सुई दुखते, 'वेदनारहित' लिहिणाऱ्याला एकदा झोपवा तिथे. पण दाढेला देतात त्याहून जास्त नाही, दहा मोजेपर्यंत संपतं. त्यानंतर कापल्याचं वगैरे काही कळत नाही, ब्लेड नसतेच मुळी, टोकदार चिमटा असतो, त्याने मधोमध एकच भोक पाडतात आणि त्याच भोकातून आधी एका बाजूची नळी आणि मग दुसरी ओढून बाहेर काढून बांधून कापतात. कळतं ते फक्त ओढणं. ते दुखणं नसतं, ते ओटीपोटात आतून कुणीतरी दोरा खेचल्यासारखं वाटतं, क्रिकेटचा बॉल लागल्यावर पोटात गोळा येतो ना, त्याचा सौम्य धाकटा भाऊ. डाव्या बाजूला जास्त आला, मी 'आई गं' म्हटलं तर सर्जन म्हणाले, झालं झालं, दुकान कुठे आहे तुमचं? मी इन्व्हर्टरचं सांगायला लागलो आणि सांगता सांगता, आमच्या घरचा इन्व्हर्टर बीप-बीप करतो ते काय असेल हो, असं त्यांनी विचारलं आणि मी आडवा, पाय फाकवलेले, त्यांना बॅटरीत पाणी घाला म्हणून सांगतोय. एकूण पंधरा मिनिटं. टाका शून्य. गॉजचा बोळा, वर घट्ट चड्डी, माझी मीच नेलेली, लंगोट असेल तर अजून चांगलं.

अर्धा तास झोपवतात. पुरुषांसाठी वेगळी खाट नाही. मला इंजेक्शनच्या खोलीत एका बाकावर आडवं केलं, पडदा ओढून, आणि पडद्यापलीकडे डोस घ्यायला आलेली पोरं रडतायत, यावर काय बोलायचं. बाकी स्वच्छता चांगली, चादर धुतलेली होती, पैसे एक रुपया कुणी मागितला नाही, हे मुद्दाम लिहितो. तो दुसरा माणूस, ऊसतोडीच्या मुकादमाकडे ड्रायव्हर, तो अर्ध्या तासात उठून चहा प्यायला चालत गेला. मी रिक्षा केली.

घरी. पहिल्या रात्री ठणका, पॅरासिटॅमॉलने गेला. पँट, विचाराल तर, दुसऱ्या दिवशी नाहीच घातली, लुंगी, आत ती घट्ट चड्डी दिवस-रात्र. पहिला दिवस अंघोळ नाही, नंतर ती जागा कोरडी ठेवून. बर्फाची पिशवी नव्हती तर हिने फ्रीजमधलं मटारचं पाकीट फडक्यात गुंडाळून दिलं, ते मटार नंतर कुणी खाल्ले नाहीत, आईने बाहेर टाकायला लावले. खरा धोका डॉक्टरांनी सांगितलाच नव्हता, तो म्हणजे घरातलं चार वर्षांचं पोर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खुर्चीत बसलेलो आणि धाकटी शाळेतली गोष्ट सांगता सांगता पळत येऊन मांडीवर उडी मारली, गुडघा बरोब्बर तिथे. डोळ्यापुढे काजवे. त्यानंतर आठवडाभर मी घरात मांडीवर उशी घेऊन वावरलो. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसलो, उचलाउचली पोऱ्याने केली, आठव्या दिवशी सूज-बीज काही नाही बघून मी एक जुनी बॅटरी उचलली, मग नवी. आई दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. थोडं काळंनिळं होतं, ते पंधरा दिवसांत गेलं. ताप आला, सूज वाढत गेली, पू दिसला तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि पुरा एक स्टार इथे कापलाय. ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं नाही. तीन महिने निरोध वापरायचाच वापरायचा आणि मग वीर्य तपासून रिपोर्ट शून्य आला की मोकळं. कारण कापलेल्या जागेच्या पुढच्या नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि हात लावला की झटका बसतो, अगदी तेच. हे सर्जननी मला एका वाक्यात सांगितलं होतं, पण केव्हा, तर मी बाकावर अर्धवट गुंगलेला असताना, आणि डिस्चार्ज कार्डवर ते मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात. त्या ड्रायव्हरला मी नंतर फोन केला तर त्याला पत्ताच नाही, त्याला वाटलं झालं आता मोकळे, त्याने तर महिन्याभरातच निरोध टाकून दिला होता. नशीब काही झालं नाही. गावात 'नवऱ्याची नसबंदी झाली तरी ही गरोदर' अशी एखादी गोष्ट असतेच, आणि मग त्या बाईचं काय होतं ते आपल्याला माहितीये, तिच्या चारित्र्यावर सगळे तुटून पडतात. त्यातल्या कितीतरी या तीन महिन्यांतल्या असणार असं माझं मत. एक फोन करायला काय जातं हॉस्पिटलला? लसीकरणाचा मेसेज येतो, बिलाचा येतो, याचा एक येत नाही.

मी ९२ व्या दिवशी गेलो. लॅबवाल्याने प्लॅस्टिकची डबी दिली आणि कॉरिडॉरच्या टोकाचा संडास दाखवला. आतून कडी नाही. कडीची भोकं आहेत, कडी नाही. बाहेर कुणीतरी बादली आपटतंय, तुम्ही आत एका हाताने दार धरलेलं आणि दुसऱ्या हातात डबी, तर माणसाने तिसरा हात कुठून आणायचा? परत आलो घरी. दुसऱ्या दिवशी घरूनच घेऊन गेलो, डबी शर्टाच्या आतल्या खिशात, गाडीवर वीस मिनिटं, ओळखीच्या लोकांना हात न करता. रिपोर्ट, 'हालचाल नसलेले एक-दोन दिसले'. म्हणजे मेलेले, पण दिसले. महिन्याने परत या. हिला सांगितलं तर म्हणाली, "मला चार वर्षं झाली, तुम्ही एक महिना काढा." काढला. दुसऱ्यांदा शून्य. मग सर्टिफिकेट मिळालं, माझं नाव बरोबर, हिच्या नावात एक काना जास्त. सर्टिफिकेट जपून ठेवा, मुलींच्या सरकारी योजनांमध्ये आई किंवा बापाच्या ऑपरेशनचा दाखला मागतात, बापाचा पण चालतो हे तलाठी ऑफिसातल्या बाईंना मला सांगावं लागलं.

कुणी करू नये? ज्याच्या मनात एक टक्का पण शंका आहे त्याने. ज्याला दोन मुलांत अंतर पाहिजे त्याने तर अजिबात नाही, त्याला कॉपर-टी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध आहेत, हिला नाही मानवलं म्हणून सगळ्यांना नाही मानवणार असं नाही. आणि कोणी घरच्यांच्या, साहेबाच्या, योजनेच्या दबावाने करत असेल तर सही करायच्या आधी उठून या. सिझर होणारच आहे आणि बाईचीच इच्छा आहे तर तेव्हाच करून घेणं पण ठीक, तिचं तिने ठरवावं. पण नॉर्मल माणूस, मुलं हाताला लागलेली, दोघांचं पक्कं ठरलेलं, तर बाईच्या पोटाला कशाला हात लावता.

आमच्यात बाकी काय फरक पडला विचाराल तर, काही नाही. म्हणजे पडला, पण चांगला, महिन्याच्या शेवटी ही कॅलेंडरकडे बघत नाही. त्याच्यापुढे सांगणार नाही, माझी मेव्हणी पण हे वाचते.

अपडेट, सहा महिन्यांनी : पुरुष नसबंदीचे सरकारकडून थोडे पैसे मिळतात, ते आज जमा झाले. दोनदा पासबुक घेऊन जावं लागलं, आयएफएससी कोड चुकला होता म्हणे. हिने त्यात दोघी पोरींना रेनकोट घेतले. लोकांनी विचारलंय स्टार वाढवणार का, नाही वाढवणार, परवा एका गिऱ्हाइकाला घेऊन गेलो होतो त्याच्या चौकशीला, त्या संडासाला अजून कडी नाही. बुधवारी त्याचं ऑपरेशन आहे, मी सोबत जातोय, दुकानातून एक पितळी कडी आणि चार स्क्रू खिशात टाकून ठेवलेत.